डिसेंबरातलं गवत

कऱ्हाटीच्या गेणबा वाबळेंकडे कुणी डिसेंबरात हिरवळ लावून मागायला आलं, तर ते त्याला चहा पाजतात आणि परत पाठवतात. ‘जूनमधी या,’ एवढंच सांगतात. बावीस वर्षं हा शिरस्ता आहे. मंगल कार्यालयवाले सगळ्यात जास्त चिडतात. तुळशीचं लग्न लागलं की त्यांची सराई सुरू होते, आणि अंगणात गवत हवं हे त्यांना नेमकं तेव्हाच आठवतं.

गेणबांच्या पाऊण एकरात गवताचंच पीक असतं. लाल मातीच्या पातळ थरावर ते वाढवायचं, हातभर लांबीच्या लाद्या कापायच्या आणि गिऱ्हाइकाच्या अंगणात फरशीसारख्या जोडायच्या. हे गवत उन्हाळी जातीचं. माती उबदार असली तर पंधरा दिवसांत खाली मूळ धरतं. थंडीत लावलं तर नुसतं पडून राहतं. पटत नसेल त्या गिऱ्हाइकाला गेणबा भल्या सकाळी त्याच्याच अंगणात उकिडवं बसवतात आणि मनगटापर्यंत हात मातीत घालायला लावतात. ‘गार लागली? मग गवत झोपलंय. झोपल्याला घर बदलाया लावू नगा.’

इंदापूरचे बापूसाहेब हे त्यांचे साडू. गेणबांच्या बायकोची, शकुबाईंची, थोरली बहीण रंगूबाई त्यांना दिलेली. दोन वर्षांपूर्वी बापूसाहेबांनी हायवेलगतची डाळिंबाची बाग काढून कार्यालय बांधलं. त्यांनाही गेणबांनी डिसेंबरात परत पाठवलं आणि सहा महिने थांबायला लावलं. जूनमध्ये चार मजूर बायका घेऊन गेणबा तिथं अठरा दिवस राहिले आणि अर्धा एकर हिरवळ लावून आले. आजवरच्या त्यांच्या कामांत ती सगळ्यात उत्तम उतरली.

दुखणं तिथूनच सुरू झालं. पाहुणे म्हणायचे, ‘काय लॉन ठेवलंय बापूसाहेबांनी!’ गेणबा शेजारी उभे असायचे. एका लग्नात ते कडेला बसून गवतातला लव्हाळा उपटत होते, तर वऱ्हाडातला एक जण म्हणाला, ‘माळीबुवा, पाण्याचा जार संपलाय बघा.’ गेणबांनी जार आणून ठेवला. येताना गाडीत शकुबाई म्हणाल्या, ‘तायडीनं आज सगळ्यांना गवतावर अनवाणी चालाया लावलं. आपल्या दारात मातूर लाल माती.’

त्यानंतर इंदापूरला जाणं झालं की ते हिरवळीवर एक फेरी मारायचे. बघणाऱ्याला वाटे, केलेल्या कामावर जीव आहे. प्रत्यक्षात ते पिवळा डाग शोधत असत. एकदा चपलेच्या टोकानं कोपरा उकरून त्यांनी मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या आहेत का तेही पाहिलं. एकही नव्हती. औषध त्यांनीच टाकलं होतं.

गेल्या वर्षी मुलीचं, निकिताचं, सांगवीत जमलं. मुलाकडच्यांना साखरपुडा पौष लागायच्या आत हवा होता. डिसेंबरातला रविवार ठरला. बापूसाहेबांचा फोन आला.

‘गेणराव, आपलं लॉन त्या दिवशी मोकळंच हाय. पोरगी काय परकी हाय व्हय? हितंच उरका.’

‘न्हाय बापूसाहेब. पोरीचा कार्यक्रम माज्या दारात हुईल.’

‘दारात? मातीत?’

‘गवतावर,’ गेणबा म्हणाले आणि फोन ठेवला.

शकुबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. ‘अवो, लोकांना जून सांगता आन् आपल्या दारात डिसेंबर?’

‘भिंतीच्या कडंला ऊन असतंया.’

‘सकाळी हात घालून बगितला का मातीत?’

हात घातला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच घातला नव्हता.

सोळा दिवस आधी लाद्या बसल्या. आठवडाभर अंगण हिरवंगार होतं. गेणबांनी फोटो काढून पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकला आणि इंदापूरहून किती जणांनी पाहिला ते दर तासाला बघत राहिले. दहाव्या दिवशी सांधे तपकिरी पडले. मग कडा वर वळल्या. गेणबांनी सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. गार मातीत पाणी मुरत नव्हतं, गवत पीत नव्हतं. कार्यक्रमाच्या सकाळी शकुबाईंनी एक लादी दोन बोटांनी उचलून दाखवली. पायपुसणं उचलावं तशी ती निघून आली. खाली एकही पांढरं मूळ नव्हतं. त्यांनी ती पुन्हा जागेवर ठेवली आणि खुर्च्या मांडायला घेतल्या.

कुंकू लागलं, साखरेचा पुडा दिला, इथवर निभावलं. मग मुलाच्या चुलत्यांनी फोटोसाठी खुर्ची पुढं ओढली. खुर्चीच्या पायांबरोबर तीन लाद्या गोळा होऊन आल्या आणि खालची लाल माती उघडी पडली. चुलते म्हणाले, ‘अरं, हे तर सुटंच हाय!’ मुलं हसली. दुसऱ्या एकानं पाय घासून बघितला, त्याच्या पायाखालचीही सरकली.

बापूसाहेब हसले नाहीत. उठून दाराबाहेर आपल्या पिकअपकडे गेले. ताडपत्रीखाली हिरव्या प्लॅस्टिकच्या मॅटच्या चार गुंडाळ्या होत्या.

‘ह्या कशापायी आणल्या?’ गेणबांनी विचारलं.

‘म्हटलं, डिसेंबर हाय,’ बापूसाहेब म्हणाले. ‘तुमीच शिकीवलंय की. धरा तिकडून.’

गेणबांनी दुसरं टोक धरलं. दोघा साडूंनी मिळून गवतावर मॅट अंथरली. फोटो चांगले आले. निकिता खूश होती. जाताना रंगूबाई म्हणाल्या, ‘मॅट ऱ्हाऊ द्या हितंच, लग्नाला कामाला येईल.’ दुसऱ्या दिवशी गेणबांनी चारही गुंडाळ्या बांधल्या आणि एस.टी.च्या पार्सलनं इंदापूरला परत पाठवल्या.

अंगणातलं गवत मात्र त्यांनी काढलं नाही. भिंतीच्या कडेचं थोडं तगलं. बाकीच्याचा वाळून पिवळा पडलेला चौकोन दाराशी तसाच पडला होता, लाद्यांचे सांधे अजून दिसत होते.

फेब्रुवारीत माळेगाव बुद्रुकचा एक बंगलेवाला आला. वास्तुशांत तोंडावर होती, त्याला आठ दिवसांत हिरवळ हवी होती. शकुबाईंनी चहा दिला. गेणबांनी नेहमीचं उत्तर दिलं, ‘जूनमधी या.’

‘तात्या, काम नसंल करायचं तर तसं सांगा,’ बंगलेवाला अंगणाकडे बोट दाखवत म्हणाला. ‘सोताच्या दारात तर लावलंय की थंडीत.’

गेणबांनी वळून त्या चौकोनाकडे पाहिलं. दाराच्या चौकटीत उभ्या शकुबाई काय उत्तर येतं याची वाट बघत होत्या.

‘ते गवतासाठी न्हवतं लावलं,’ गेणबा म्हणाले. ‘साडूसाठी लावलं हुतं.’

बंगलेवाल्यानं उरलेला चहा संपवला. ‘जूनची कितवी तारीख, तात्या?’ त्यानं विचारलं.