पाहण्याचा कार्यक्रम

आमच्या घरी टीव्ही आला तो माझ्यासाठी आला, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. म्हणजे मी बघावा म्हणून नव्हे. मला बघायला येणाऱ्यांना घर बरं दिसावं म्हणून. आंधळगावात तेव्हा टीव्ही असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. आमच्या बैठकीत धानाची पोती, वजनकाटा आणि देवादिकांची कॅलेंडरं, एवढाच सरंजाम होता. पाहुण्यांनी पोरीकडं पाहून झालं की पोत्यांकडं पाहायचं आणि मग उठायचं. बाबांना वाटलं, मधात टीव्ही असला तर पाहुणे थोडे रमतील. रमले. ते कसे रमले, तेच सांगायचं आहे.

त्याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. दोन्हींचं कारण एकच, रंग. आमच्याकडं ते असं सांगत नाहीत. "घर चांगलं, माणसं चांगली, पोरगी शिकलेली, रंग तेवढा..." एवढं म्हणतात आणि वाक्य हवेत सोडून देतात. ते खाली पडतं पोरीच्या डोक्यावर. पहिल्या नकाराला मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्याला मात्र चार दिवस धड जेवले नाही. खरं सांगायचं तर मला नवरा हवाच होता असं नाही. मला होकार हवा होता. एकदा कुणीतरी माझ्याकडं नीट पाहावं आणि 'हो' म्हणावं, मग पुढं लग्न मोडलं तरी बेहत्तर, इतकी मी पेटले होते.

टीव्ही काळा-पांढरा होता. लाकडी पेटी, तिला कपाटासारखी सरकती दारं. बाहेरच्या खोलीवर बाबांनी नवा स्लॅब टाकला होता, त्यावर उंच बांबू आणि बांबूवर अँटेना, तोंड नागपूरकडं. तेवढ्या लांबून येता येता चित्राला मुंग्या लागत. वारा सुटला, वानर येऊन बसलं, की चित्र जायचं, आणि मग स्लॅबवर चढून बांबू फिरवायचं काम माझं. वर मी, खाली अंगणात आई, दारात बाबा. "आलं काय?" "आलं." "आता?" "गेलं." मला त्या बांबूचा इतका अंदाज आला होता की शेजारपाजारचे लोकही अँटेना बसवताना मला हाक मारत. पण पाहुणे यायचं ठरलं आणि आईनं माझं वर चढणं बंद केलं. "पोरगी सिलॅपवर चढून राहिली, हे पाहुण्यांनी पाहिलं तं तुले कोण करीन?" असं तिचं म्हणणं.

तिसरं स्थळ आणलं साकोलीच्या मावसाजींनी. मुलगा जवाहरनगरच्या फॅक्टरीत, राहायला क्वार्टर, नोकरी केंद्र सरकारची. केंद्र सरकार हा शब्द ऐकला की आमचे बाबा उभे असतील तर बसत आणि बसले असतील तर उठत. पाहण्याचा कार्यक्रम रविवारी संध्याकाळी ठरला. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा असतो, हे बाबांना ठाऊक होतं. तेवढ्यासाठीच तर त्यांनी रविवार धरला. "आल्या आल्या चालू दिसला पायजे," एवढंच त्यांचं धोरण.

सगळ्या खुर्च्या टीव्हीकडं तोंड करून मांडल्या. मुलीच्या हातची कला दिसावी म्हणून आईनं माझं क्रोशाचं विणकाम टीव्हीवर पसरलं. माझ्यासाठी स्टूल ठेवला तो नेमका टीव्हीच्या आणि खुर्च्यांच्या मधात. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आमच्या घरात मुलगी दाखवायची सवय होती, टीव्ही दाखवायची नव्हती.

पाहुणे चार. मुलगा, त्याचे वडील, त्याची आई आणि मावसाजी. पाय धुतले, पाणी प्यायले, बसले आणि सिनेमा सुरू झाला. विणकामाची झालर पडद्यावर येते म्हणून मुलाच्या आईनं ती अलगद काढून घडी करून पोत्यावर ठेवली. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले ती मान खाली घालून. मान वर करायची नाही, अशी ताकीद होती, म्हणून मुलाचे मला फक्त दारात काढलेले बूट दिसले. चांगले पॉलिश केलेले होते. मी स्टुलावर बसले. नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येते काय, धान रोवता येते काय, सगळ्यांची उत्तरं पाठ करून ठेवलेली. कुणी काही विचारीना.

थोड्या वेळानं मुलाची आई म्हणाली, "बाई, जराशी बाजूले सरक वं."

मला वाटलं, बाजूनं पाहायचं असेल. आईनं शिकवलं होतं, खिडकीच्या उजेडाकडं तोंड करायचं. मी सरकले, उजेडाकडं तोंड केलं.

"आखीन थोडी."

मी आणखी सरकले. एवढं बारकाईनं याआधी कुणी पाहिलं नव्हतं. मला आतून बरं वाटायला लागलं. होता होता मी पोत्यांच्या थप्पीला टेकले.

"हां. आता दिसून राहिलं," ती समाधानानं म्हणाली. काय दिसून राहिलं, ते मला पडद्यावर गाणं लागल्यावर कळलं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला.

गाणं संपल्यावर तिनं आईकडं वळून उसासा टाकला. "बाकी सगळं चांगलं आहे. रंग तेवढा नाई."

आई याच क्षणाची वाट पाहत होती. दोन नकारांनंतर तिनं उत्तर तयारच ठेवलं होतं. "रंगाचं काय हो बाई, उन्हात राहून राहून तसं झालं. सावलीत ठेवलं का येते रंग."

"सावलीत ठेवलं का येते?" मुलाची आई चकित झाली.

"येते नं. हळद-साय लावली का महिन्याभरात फरक दिसते."

त्या बाईनं टीव्हीकडं पाहिलं, मग आईकडं पाहिलं. "आमच्या क्वार्टरांत ज्याच्या घरी आहे त्याच्या घरी रंगीतच आहे. कोणी साय लावलेली मी तं नाई पाहिली." एवढं बोलून ती पुन्हा सिनेमाकडं वळली. आईला काय झालं ते कळलंच नाही. जवाहरनगरच्या सगळ्या सुना उजळ आहेत, असा तिचा समज झाला आणि ती रात्रभर तळमळली.

सिनेमा अर्ध्यात होता तोच शेवटच्या बसची वेळ झाली. पाहुणे हळहळत उठले. दोन दिवसांनी मावसाजींचा निरोप आला. "पाहणं अर्धं राहिलं म्हणतात. येत्या इतवारी पुरं करतो म्हणून राहिले."

बाबांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले. एकदा पाहून पुन्हा यायचं म्हणतात म्हणजे मनात भरली, हा त्यांचा अर्थ. मीही तोच लावला. माणसाला हवा तो अर्थ लावता येतो आणि त्याला कुणी अडवत नाही. तो आठवडाभर मी आरशासमोर बरीच उभी राहिले.

पुढच्या रविवारी त्यांनी मुलाच्या आत्याला आणि तिच्या सुनेलाही आणलं. आईनं पोहे वाढवले. मला वाटलं, आत्याला दाखवायला आणलं. आत्या टीव्हीसमोर मांडी घालून बसली ती थेट शेवटच्या बसलाच उठली. मधात बाबांनी हात चोळत विचारलं, "पोरगी कशी वाटली जी?"

"थांबा जी, मधात बातम्या लागतीन, तेव्हा बोलू," मुलाचे वडील म्हणाले.

बातम्या लागल्या. तेव्हा त्यांनी देशाची चिंता केली. आमच्या चिंतेला त्यात जागा मिळाली नाही.

त्याच आठवड्यात मोहाडीकडचं एक स्थळ येणार होतं, ते आलंच नाही. "त्यांच्या पोरीचं जवाहरनगरले पक्कं झालं," असं त्यांना गावातूनच कुणी सांगितलं. गावाचं तरी काय चुकलं? सोयरे दर रविवारी सहकुटुंब येतात, पोहे खातात, हसत बाहेर पडतात. असं झालं की मुलगी ठरली असं लोक धरतात, आणि ठरलेल्या मुलीचं लग्न मोडलं तर पुन्हा तिच्या दारात पाय ठेवत नाहीत. रंगाचा डाग होताच, आता हा दुसरा. पाहुण्यांकडून धड होकार नाही, धड नकार नाही, आणि बाबा केंद्र सरकारला खडसावून विचारायला तयार नाहीत.

या लोकांना आमची एवढी ओढ का, ते फॅक्टरीच्या बसनं जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं. शेजारच्या क्वार्टरमध्ये रंगीत टीव्ही होता. नळाच्या पाण्यावरून भांडण झालं आणि शेजाऱ्यानं दार लावून घेतलं. म्हणजे रविवार मोकळा पडला होता. आईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "कायले वाईट बोलतं? लोक सोयरे व्हाले येऊन राहिले." तिचा विश्वास पाहून मला तिचाही राग आला आणि दयाही आली.

तिसऱ्या रविवारी ते बरेच आधी आले, चांगल्या जागा मिळाव्यात म्हणून. त्या दिवशी स्टूल ठेवायचा राहून गेला. कुणालाच आठवलं नाही, आईलाही नाही. मी ट्रे घेऊन फिरले. मुलाच्या वडिलांनी पडद्यावरची नजर न काढता बशी उचलली, एक घास खाल्ला आणि म्हणाले, "बाई, मिरची कमी टाकत जाय."

मी ट्रे पोत्यावर ठेवला, मागच्या दारानं बाहेर आले, शिडी लावली, पदर खोचला आणि स्लॅबवर चढले. बांबूला दोन्ही हातांनी धरून असा पिळला की नागपूरकडं असलेलं अँटेनाचं तोंड नागझिऱ्याच्या जंगलाकडं झालं. तिकडून बिबट्याशिवाय काही यायची शक्यता नव्हती.

खालून एकच गलका. "गेलं, गेलं." खुर्च्या सरकल्या आणि पाहिलं तर सगळी वऱ्हाडी मंडळी अंगणात. आत्या, सून, आई-बाप, मुलगा, सगळ्यांच्या माना वर.

"आलं काय?" सवयीनं माझ्या तोंडून निघालं.

"नाई आलं. डावीकडं फिरवा जराशी," मुलगा म्हणाला. तो माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

"हे कोण पोरगी हो?" मुलाच्या आईनं बाबांना विचारलं. "धीट दिसते. कामाले ठेवली काय?"

मावसाजी चपलेनं माती उकरू लागले. आई दाराआड गेली.

"हेच ते," शेवटी बाबा म्हणाले.

"हेच कोणतं?"

"जिले पाहाले तुम्ही तीन इतवार येऊन राहिले, ते."

मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, अगदी नीट, पायापासून डोक्यापर्यंत. ज्याच्यासाठी मी इतके दिवस जीव टाकला ते पाहणं शेवटी मिळालं. आणि वरून मान खाली घालायची सोय नसल्यामुळं मीही पहिल्यांदा त्या मुलाकडं पाहिलं. दिसायला वाईट नव्हता, उगाच का खोटं बोलू. पण बाकी सगळे माझ्याकडं पाहत होते तेव्हाही तो अँटेनाकडंच पाहत होता.

"बाबा, मले पसंत नाई," मी म्हणाले.

ते इतक्या मोठ्यानं निघालं की कडेच्या घरातल्या बाया दारात आल्या. मी बांबू धरला.

"पसंत-नापसंत मंग पाहू, बाई," मुलाची आई मोठ्या समजुतीनं म्हणाली. "पहिले ते फिरव. तिकडं हिरोइनीचं लगन लागून राहिलं असन."

मी फिरवला नाही. मी तिथंच खाली बसले आणि रडायला लागले, आवाज करून, लहान पोरीसारखी. आता आपल्याला कुणी करणार नाही, हे मला आईइतकंच कळत होतं. तरी तो शब्द मला परत घ्यायचा नव्हता.

खाली बाबांचा आवाज आला. पाहुण्यांपुढं त्यांचा आवाज नेहमी खालच्या पट्टीत असे, तसाच होता. "चाला जी. पोरीले पसंत नाई. बस येईन आता."

"पोरीले कोण इचारते?" मुलाच्या वडिलांनी विचारलं. त्यात राग नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"मीही नव्हतं इचारलं जी," बाबा म्हणाले. "तिनंच सांगतलं."

मग त्यांनी पाहुण्यांची पिशवी उचलली आणि पुढं होऊन बसस्टँडच्या वाटेला लागले.