गॅलरीत उडवलेलं औषध

माझा थोरला भाऊ मार्केट यार्डात मिरचीच्या गाळ्यावर बत्तीस वर्षं दिवाणजी होता. त्याने आयुष्यात एक विडी ओढली नाही. ही गोष्ट तो एवढ्या वेळा सांगतो, की विडी ओढली असती तर बरं झालं असतं असं वाटावं. छातीच्या डॉक्टरांनी यंत्रात फुंकायला लावलं आणि सीओपीडी असल्याचं सांगितलं, तेव्हा दादा त्यांनाच म्हणाला, "अहो, तो सिगरेटवाल्यांचा रोग. रिपोर्ट बदललाय तुमचा."

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. वर्षानुवर्षं मिरचीची धूळ, त्याआधी लहानपणी चुलीचा धूर. श्वासनळ्या सुजून अरुंद झाल्यात, फुप्फुसांतले बारीक फुगे निकामी झालेत. गेलेलं परत येणार नाही; उरलेलं मात्र रोज औषध घेतलं तर सांभाळता येईल. यातलं दादाने "परत येणार नाही" एवढंच घरी आणलं.

औषध म्हणजे तोंडाने ओढायचा पंप, आणि पंपाची सवय लागते असं आमच्या नात्यागोत्यात पदवीधरसुद्धा सांगतात. चष्म्याची सवय लागेल म्हणून भिंतीवर आपटत फिरणारा यांच्यातला एकही मला अजून भेटलेला नाही.

पुढे त्याच दवाखान्यात एका नव्या औषधाची चाचणी सुरू झाली. काही रुग्णांना नव्या औषधाचा पंप, काहींना नेहमीच्या औषधाचा. कोणाला कोणता, हे डॉक्टरांनाही माहीत नसतं. दादा तयार झाला, कारण तपासणारी डॉक्टर मुलगी त्याला "काका" म्हणाली. संमतिपत्राची सगळी पानं मी वाचली, सह्या त्याने केल्या. पंपाला आकडा होता, साठपासून दर दाबाला एकने उतरणारा. सकाळ-संध्याकाळ एकेक दाब आणि रोज वहीत खूण. आम्ही एकाच इमारतीत राहतो, मी त्याच्या खालच्या मजल्यावर. म्हणून वही माझ्याकडे आली. मी रोज जिन्यातून विचारायचो, "घेतलंस?" तो वरून "हो" म्हणायचा आणि मी खूण करायचो. सोसायटीचं पाण्याचं मीटर मी स्वतः जाऊन वाचतो. इथे मात्र आवाजावर भागवलं.

एकोणतिसाव्या दिवशी सकाळी त्याला तपासणीला न्यायला वर गेलो. दादा गॅलरीत उभा होता. हात कठड्याबाहेर, पंप उलटा, आणि फुस्स, फुस्स, फुस्स. तोंडाने आकडे मोजत होता. एवढ्या कष्टानेच त्याला धाप लागली होती.

"काय चाललंय?"

"चार उरले पाहिजेत ना? जमवतोय."

वहिनी आतून म्हणाल्या, "सांगा ना भाऊजींना! महिन्यात नऊ वेळा घेतलंय तुम्ही, तेही मी ओरडले म्हणून."

"ती पोरगी एवढं प्रेमाने विचारते," दादा म्हणाला. "घेतलं नाही म्हणून सांगायचं तिला? वाईट नाही वाटणार?"

"दादा, त्या पंपात प्रत्येक दाबाची वेळ नोंदली जाते. तू सही केलीस त्या कागदावर होतं."

तो खुर्चीत बसला. "मग आज नको जायला."

"आजच जायचं," मी म्हणालो. त्याला अठरा पायऱ्या उतरायलासुद्धा दोनदा थांबावं लागलं. चढताना चारदा थांबतो. सवय न लागू देण्याचा हा फायदा.

डॉक्टर मुलीने पंप संगणकाला जोडला आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "काका, आज सकाळी नऊ मिनिटांत सत्तेचाळीस वेळा?"

"दिसत होतं तर विचारता कशाला?" बत्तीस वर्षांचा दिवाणजी तिच्यावरच खेकसला.

ती चिडली नाही. "घेतलं नाही असं लिहिलं असतंत तरी चाललं असतं, काका. तीही माहितीच आहे. न घेता घेतलं म्हटलंत, तर चांगलं औषधसुद्धा नापास होईल. ते उद्या ज्यांना मिळायला हवं, त्यांना मिळणार नाही."

मग तिने विचारलं, का घेतलं नाहीत. तो म्हणाला, "रोज घ्यायला लागलो म्हणजे मी आजारी झालो की."

पायऱ्यांवर चारदा थांबणारा माणूस म्हणत होता, अजून झालेलो नाही. मला हसू आलं, आणि ते मी आवरलं नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी आवरलं.

त्याला चाचणीत ठेवायचं की नाही, हे वरिष्ठ ठरवणार होते. तोवर त्याला नेहमीचा पंप दिला आणि तिथेच घ्यायला लावला. अर्धं औषध धुरासारखं तोंडातून बाहेर आलं. म्हणजे त्या नऊ वेळाही वायाच गेल्या होत्या. तिने तीनदा करून दाखवलं: आधी पंप हलवा, श्वास सोडा, मग दाबतानाच हळू आत ओढा, मग रोखून धरा.

घरी आल्यावर वही मी दादाच्या हातात दिली. आता तूच लिही म्हटलं, मी खुणा करणार नाही. चौथ्या दिवशी वर गेलो तेव्हा त्याने ती माझ्यापुढे सरकवली. दिवाणजीच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : सकाळी घेतलं नाही. कंटाळा.

"आता घे," मी म्हणालो.

"तू बघत उभा राहू नकोस," तो म्हणाला, आणि पंप जोरात हलवू लागला.