उरलेला रस्ता

आर्मीत मी भूलतज्ज्ञ होतो. लोकांना वाटतं, सुई टोचली की हा डॉक्टर मोकळा. भूल काय, देता येते. माणसाला परत आणणं हे खरं काम. ऑपरेशनभर मी टेबलाच्या उशाशी उभा असे. बसलो की जीव वरखाली होई. आजही होतो.

ट्रेनिंगमध्ये पेशंटला उलटे आकडे मोजायला लावायचे. मी जवानांना घरचा रस्ता विचारायचो. सांगता सांगता झोप लागे. जवान शुद्धीवर आला की माझा हुकूम एकच, "पुढचा रस्ता सांग." तो सांगू लागला की मला सुटल्यासारखं वाटे.

शेवटचं पोस्टिंग सीमेवरच्या फील्ड हॉस्पिटलात होतं. एका सकाळी रेडिओ खरखरला.

"माइन ब्लास्ट. वन कॅज्युअल्टी. सीरियस. ओव्हर."

"सेंड. टेबल रेडी. ओव्हर."

नाईक दत्ता, गाव कासार आंबोली. मांडीतलं रक्त थांबत नव्हतं, नाडी जेमतेम लागत होती. मी सिरिंजमध्ये भुलीचं केटामिन भरलं. "दत्ता, घरचा रस्ता?"

"फाट्याला उतरायचं, सर. म्हसोबापासनं डावीकडं. वढा लागतुया. वढ्याच्या पल्याड..."

डोळे मिटले.

सर्जन मेजरसाहेब फाटलेली रक्तवाहिनी शोधत होते. मी श्वासाची बॅग दाबत होतो, रक्ताच्या पिशव्या बदलत होतो. हृदय थांबलं. आळीपाळीनं छाती दाबली. शेवटी साहेब म्हणाले, "स्टॉप." मी थांबेना. त्यांनी माझं मनगट धरलं.

निवृत्तीनंतर भुकूमला घर घेतलं. सामान सोडायच्या आधी जवळच्याच कासार आंबोलीला गेलो. म्हसोबा सापडला, पण ओढ्याच्या काठानं सगळी बंगल्यांची फाटकं. वॉचमनला गावातलं कुणी ठाऊक नव्हतं. मी तिथंच येरझाऱ्या घालत होतो. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी थांबली.

"कुनाकडं जायचंय?"

"नाईक दत्ताच्या घरी."

तिनं भारा खाली टाकला. "म्या त्याची आय. तुमी कोन?"

मी सांगितलं.  ती म्हणाली, "लई तळमळला का वो?"

"नाही, मावशी. झोपेत गेला. घरचा रस्ता सांगत होता. ओढ्यापर्यंत आला."

तिनं पदरानं तोंड पुसलं. भारा मी उचलला.

"चला," ती म्हणाली. "वढ्याच्या पल्याड जांभळ हाय. जांभळीपासनं उजवीकडं. तितंच घर."

ती पुढे, मी मागे. दारातून आत जाताच समोर वर्दीतला फोटो होता. मी भारा ठेवून ताठ उभा राहिलो.

"पोचलो रे, दत्ता."