बिनफ्यूजचा तानपुरा

माझ्या सासऱ्यांना दारावरची बेल ऐकू यायची नाही, पण ते त्यांना सांगणार कोण? त्यांच्या मते बेलच बिघडलेली होती. फोनवर सगळे पुटपुटायचे, बातम्या देणाऱ्या मुली शब्द खायच्या, आणि आवडत्या रेकॉर्डवरचा तानपुरा ऐकू येईना तो अॅम्प्लिफायरच्या दोषामुळे. कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं की ते पेपर उघडून बसत.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरच्या मित्राने त्यांना परदेशी फ्यूज सुचवला. दोन्ही टोकांना सोन्याचा मुलामा, मखमली डबी, आणि किंमत अशी की तेवढ्यात बरा मिक्सर आला असता. मी इलेक्ट्रिकल इंजिनियर. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, सबस्टेशनपासून घरापर्यंत वीज साध्याच तारेतून येते. शेवटच्या इंचभरात तिच्यावर कसले संस्कार होणार?"

"तुमच्या पुस्तकांना कान नसतात," ते म्हणाले.

शेवटी पैज लागली. नव्या फ्यूजने तानपुरा ऐकू आला तर डॉक्टरांचा विषय कायमचा बंद. नाही आला तर सोमवारी निमूटपणे कान तपासून घ्यायचे.

रविवारी सकाळी ते आरामखुर्चीत डोळे मिटून बसले. मी अॅम्प्लिफायरच्या मागे शिरून जुना फ्यूज काढला. नवा लावणार, तेवढ्यात माझ्या अंगातला खोडसाळपणा जागा झाला. दोन्ही फ्यूज मुठीत धरले आणि तशीच रेकॉर्डवर सुई ठेवली. म्हटलं, आता ओरडतील, "अगं, आवाज कुठाय?"

अॅम्प्लिफायर बंद, रेकॉर्ड तेवढी मुकाट फिरत होती. सासऱ्यांचा हात मांडीवर ठेका धरू लागला.

"वा!" ते म्हणाले. "तानपुरा बघ कसा खुललाय!"

मी ओढणी तोंडात कोंबली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "अहो, लावा की ती रेकॉर्ड! कधीची वाट बघतेय मी."

तेही त्यांना ऐकू गेलं नाही. ठेका चालूच होता, आणि आता मला दिसलं की ते एक कान हळूहळू स्पीकरकडे झुकवताहेत. मला स्वतःची लाज वाटली.

घाईघाईने हाताला लागला तो जुनाच फ्यूज बसवला. गाणं एकदम सुरू झालं तसे ते दचकले. डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिले.

"इतका वेळ बंद होतं?"

"हो, बाबा. चुकलं माझं."

"मला वाटलं, गेले माझे कान," ते हळूच म्हणाले. "आणि तुला कळू द्यायचं नव्हतं."

सोमवारी माझ्याआधी चपला घालून तेच दारात उभे होते. आता कानात मशीन आहे. बेल, तानपुरा, सासूबाई, सगळं ऐकू येतं. शेवटच्याबद्दल त्यांची थोडी तक्रार आहे. नवा फ्यूज अजून मखमली डबीतच पडून आहे. परवा कट्ट्यावरच्या मित्राने माझ्यादेखतच विचारलं, "काय रे, फ्यूजने फरक पडला का?"

"प्रचंड!" सासरे म्हणाले. "फक्त तो बसवायचा नाही."