नववीची चाळण

शिवाप्पा हेरवाडे रोज सकाळच्या पॅसेंजरनं जयसिंगपूरहून कोल्हापूरला यायचे आणि स्टेशनपासून मंगळवार पेठेतल्या शाळेपर्यंत पायी जायचे. इतिहासाचे शिक्षक म्हणून ते या हायस्कुलात लागले आणि याच हायस्कुलात मुख्याध्यापक झाले. दुसरी शाळा त्यांना माहीत नव्हती. घंटा, हजेरी, फळा, सगळं वेळच्या वेळी. अशा माणसाच्या शाळेच्या दारावर एक दिवस पत्र्याची पाटी लागली. तीवर एकच अक्षर मोठं होतं, ड.

नव्याण्णव साली जिल्ह्यातल्या हायस्कुलांची दहावीच्या निकालावरून प्रतवारी करायचं ठरलं होतं. मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, प्रत लावतात तशीच ही पद्धत. चाळीस टक्क्यांखाली निकाल लागला की शाळा ड. अशा शाळेला एखाद्या अ शाळेनं दत्तक घ्यायचं, मार्गदर्शन करायचं, वरून प्रशिक्षण मिळायचं. इतकं करूनही लागोपाठ तीन वर्षं ड पडली, तर शाळेची एक तुकडी बंद. तुकडी गेली की सर्वांत अलीकडे लागलेला शिक्षक अतिरिक्त ठरणार. इथं तो म्हणजे गणिताचे कृष्णात सुतार. शाळेत गणित येणारा तेवढाच एक माणूस.

पाटी लागल्याच्या दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या शाळेची पोरं कुंपणावर चढून 'ड डमरूचा' असं ओरडायला लागली. सरांनी पाटी जरा आत घेतली. तपासणीला आलेल्या साहेबांनी ती पुन्हा बाहेर लावायला लावली. पालकांना दिसली पाहिजे, असा नियम होता.

दत्तक घेणारी शाळा निघाली ती दोन गल्ल्या पलीकडची. तिथले मुख्याध्यापक सयाजी इंगवले. त्यांचा निकाल कधी नव्वदच्या खाली आला नव्हता. हसतमुख माणूस, कोणाशी वाकडं नाही. मार्गदर्शनासाठी ते पहिल्यांदा आले आणि थेट नववीच्या वर्गात गेले. मला ओळखता का, असं त्यांनी मुलांना सहज विचारलं.

मागच्या बाकावरून क्रांती उठली. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध विकणाऱ्या धोंडुबाईची ही पोरगी. सकाळच्या धारा काढून यायची, म्हणून रोज उशीर.

"वळखतो की सर. आठवीला तुमच्याकडंच होतो मी. दाखला काढून न्या, मग पास करतो म्हनलासा."

मागून आणखी दोघं उठली. त्यांचंही तेच. इंगवले हसले, इथं रुळलात हे बरं झालं म्हणाले, आणि वर्गाबाहेर पडले.

हेरवाडे सरांना यात नवं काही नव्हतं. पेठेतल्या साऱ्या शाळांची हीच रीत. कच्ची मुलं आठवी-नववीत थांबवायची, नाहीतर दाखला हातात ठेवायचा. दहावीला निवडक मुलं बसवायची. राहिलेली मुलं गोळा होऊन यायची ती यांच्याकडे, कारण हे कोणाला नाही म्हणत नव्हते. सरांना राग एकाच गोष्टीचा होता. ज्यांनी मुलं टाकली त्यांनीच ती कशी शिकवावीत हे सांगायला यावं.

ऑफिसात चहा आला. इंगवले मनापासून बोलले. "हेरवाडे, राग मानू नका. तुम्ही शिकवायला कमी पडत नाही, चाळायला कमी पडता. नववी घट्ट करा."

"आणि चाळलेली पोरं जायची कुठं?"

"जातात कुठंतरी. आमची कुठं जातात, मी विचारत बसतो काय?"

बोलून झाल्यावर ती कुठं जातात हे इंगवल्यांना आठवलं असावं. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि ते उठले.

पुढच्या जूनला पुन्हा ड येणार हे दिसतच होतं. तिसरं वर्ष हातात होतं, आणि त्या वर्षी दहावीला बसणारी मुलं आता नववीत होती. संस्थेच्या अध्यक्षांनी सरांना बोलावून सुनावलं की धर्मशाळा चालवायची असेल तर स्वतःच्या वाड्यात चालवा. सुतार सर मात्र एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांचं ते गप्प राहणंच हेरवाडे सरांना जड गेलं. एप्रिलच्या निकालात त्यांनी नववीची नऊ मुलं नापास केली. क्रांती त्यांत होती.

निकालाच्या दिवशी धोंडुबाई कट्ट्यावरनं तशीच आली, हातात दुधाची रिकामी कासांडी. आता ही आरडाओरडा करणार म्हणून सर सावरून बसले.

"भांडाय न्हाई आलो सर. पोरगी कच्ची हाय, मला ठावं हाय. घरात म्हस गाभण हाय, कामाला ती लागतीयाच. फकस्त येवढं सांगा, हितनं दाखला काढला तर म्होरं कुठली शाळा घेती?"

सरांनी मनातल्या मनात पेठ पालथी घातली, मग सगळं शहर. त्यांच्या शाळेच्या खाली शाळाच नव्हती. इतकी वर्षं दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न त्यांच्यावर उलटला होता, आणि इंगवल्यांसारखं कुठंतरी म्हणणं त्यांना जमलं नाही. त्यांनी धोंडुबाईला बसवलं, सुतार सरांना बोलावलं आणि नऊही मुलांना वर ढकलायचं सांगितलं.

"सर, तुकडी," सुतार एवढंच म्हणाले.

"वर्ष आहे हातात. शिकवू."

घरी बायकोनं, रत्नव्वानं, ताटात भाकरी वाढता वाढता टोला दिला. दुसऱ्यानं चाळून टाकलेला कोंडा तुम्ही घरी आणता आणि भाकरी का थापंना म्हणून मलाच विचारता. 

वर्षभर सुतार सरांनी शाळेआधी जादा तास घेतले. मुलं येत होती, क्रांतीसुद्धा धारा लवकर उरकून यायला लागली. आणि ऐन जानेवारीत मदत आली. ड शाळांच्या गणित शिक्षकांना पन्हाळ्यावर निवासी प्रशिक्षण, पूर्ण महिना, हजेरी सक्तीची. हेरवाडे सर कचेरीत दोनदा जाऊन आले. शिक्षक एकच आहे, परीक्षा तोंडावर आहे, मार्चनंतर पाठवतो. उत्तर मिळालं की शाळा ड आहे, तिला सवलत नाही. अ असती तर विचार केला असता. सुतार पन्हाळ्याला गेले आणि गणिताच्या तासाला हेरवाडे सर जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेत बसले. दोन उदाहरणं त्यांचीच चुकली.

निकाल लागला, अडतीस टक्के. साठातली तेवीस उतरली. वाचवलेल्या नऊ जणांत दोघंच पास, त्यांत एक क्रांती. नऊ जण बसलेच नसते तर एक्कावन्नात एकवीस, म्हणजे एक्केचाळीस टक्के. शाळा क झाली असती, तुकडी राहिली असती. सरांनी त्रैराशिक पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. उत्तर बदलेना. धोंडुबाईनं पेढे आणले. एक पेढा त्यांनी हातात घेतला आणि तसाच टेबलावर ठेवून दिला.

तुकडी गेली. सुतार सर अतिरिक्त ठरले, आणि जिथं जागा रिकामी होती तिथं त्यांना पाठवण्यात आलं. जागा इंगवल्यांच्या शाळेत होती. इंगवल्यांनी फोन करून आभार मानले. फार चांगला माणूस दिलात, म्हणाले.

पुढच्या जूनला प्रवेशाच्या दिवशी धोंडुबाई पुन्हा दारात उभी. सोबत क्रांतीची धाकटी बहीण.

"हिलाबी घ्या, सर. पहिल्यापास्नं इंगवले सरांच्याकडंच हुती. गणिताला तितं नवं सर लई चांगलं आल्यात म्हणं. पण पोरगी गणितातच कच्ची राहिली. दाखला न्या म्हनले."

नव्या सरांचं नाव सरांनी विचारलं नाही. दाखला घेतला, प्रवेश दिला, पोरीला नववीच्या वर्गात बसायला सांगितलं. घंटा झाली. पहिला तास गणिताचा होता. सरांनी टेबलावरचा खडू उचलला, आदल्या रात्री घरी सोडवून आणलेल्या उदाहरणांचा कागद खिशात आहे ना हे चाचपलं, आणि ते वर्गाकडे निघाले.