चराईबंदीचं पाणी

लोणीच्या अलीकडे आमचं गाव. टेकडीवर पाणी मुरवायला चर खोदले तेव्हा मी पाणलोट समितीत होते. चराईबंदीचं सांगायला मलाच पाठवलं, कारण टेकडीवर मेंढरं नेणाऱ्याच्या घरात शब्द त्याच्या बायकोचा चालायचा. मी तिला म्हणाले, "दोन वर्षं मेंढरं वर नेऊ नका. पाणी मुरलं की सगळ्यांचंच आहे."

तिनं पाळलं. निम्मी मेंढरं विकली, उरलेली बांधावर आणि कांद्याच्या पातीवर जगवली. टेकडीवर गवत आलं, खालच्या विहिरींना पाणी चढलं. त्यांतली एक आमची.

मग सगळ्यांनी केलं तेच आम्हीही केलं. शेततळं असतं पावसाचं पाणी धरायला. आमच्याकडे ते विहिरीवर मोटार लावून भरतात. दिवाळी झाली की प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात पाणी ओढायचं, उन्हात निम्मं उडून गेलं तरी चालेल. बैठकीत मी विषय काढला, तर एकजण म्हणाला, "ताई, आदी तुमचं तळं रिकामं करा, मग आमाला शिकवा." सगळे हसले. बोलणं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

मार्चमध्ये ती मेंढरंवाली दारात आली. मेंढरं पाणी प्यायची ते ओढ्यातलं डबकं आटलं होतं.

"तुमच्या तळ्यावर पाजू का?"

"पाजा की. विचारायचं काय त्यात?"

"टेकडी बंद केली तवा तुमी विचारायला आला व्हता. पाणी तळ्यात वढलं तवा न्हाई आला."

नवरा म्हणाला, खुरांनी कागद फाटेल. म्हणून कुंपणाबाहेर सिमेंटची कुंडी ठेवली, तळ्यातून पाइप सोडला. येणारे-जाणारे म्हणू लागले, पुण्याचं काम केलंत. पुण्य कसलं? तिच्याच पाण्यातलं थोडं तिला परत देत होते, आणि तेही तिला मागावं लागलं.

पुढच्या बैठकीत मी ठराव मांडला : ओढा आटला की तळी भरायच्या मोटारी बंद. कुणी नाही म्हणालं नाही, कुणी हो म्हणालं नाही. चहा आला, विषय संपला.

आमच्या मोटारीचे फ्यूज काढून मी पिठाच्या डब्यात ठेवलेत. नवरा धड बोलत नाही. शेजारची मोटार सकाळपासून चालू आहे, आणि आम्ही न उपसलेलं पाणी तिकडेच जातंय हे मला कळतं. फ्यूज अजून डब्यातच आहेत.