नानांच्या चेहऱ्याचा फोन

माझ्या फोनच्या मते मी आणि माझे वडील हे एकच माणूस आहोत.

कुणा माणसानं असं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. पन्नास वर्षांचं माझं आयुष्य नानांपेक्षा वेगळं दिसण्यात खर्ची पडलं आहे. नाना चाळीसगावकडचे, अहिराणी बोलणारे. मी जळगावात राहून अगदी पुण्यासारखं बोलतो (असं मला वाटतं, पुण्याची माणसं दुसऱ्याच वाक्याला 'खानदेशातले का?' म्हणून विचारतात). नाना आपल्या प्रत्येक वस्तूवर लाल ऑइलपेंटनं 'द. ल. पाटील' लिहून ठेवतात. बादलीवर, शिडीवर, छत्रीच्या दांड्यावरसुद्धा. मी असला गावंढळपणा करत नाही. मी पासवर्ड घालतो.

म्हणून चेहरा पाहून उघडणारा फोन मी हौसेनं घेतला. जगात हा फक्त एका चेहऱ्याला उघडतो, असं घरात निदान आठ वेळा ऐकवलं. शिवाय कुणालाच ओळखता येणार नाही असा सहा आकडी नंबरही घातला. (त्या 'कुणालाच'मध्ये मीही येतो, हे पुढे कळलं.)

त्या फोनमध्ये एक गुपित होतं. आमच्या बैठकीत नानांचा लोखंडी कूलर आहे. धुळ्याला वेल्डरच्या डोक्यावर बसून बनवून घेतलेला, ट्रॅक्टरच्या उरलेल्या निळ्या रंगानं रंगवलेला आणि अर्थातच कपाळावर 'द. ल. पाटील'. तो सुरू झाला की घरातली माणसं खुणांनी बोलतात. मला त्याच्या जागी फोनवरून चालणारा एसी हवा होता. नानांना विचारायची हिंमत नव्हती. म्हणून मी नाव दिसणार नाही अशा बाजूनं कूलरचा फोटो काढला आणि विकायला टाकला. चाळीसगावचं एक गिऱ्हाईक रविवारी टेम्पो घेऊन येणार, असं ठरलं. एसीही मागवून टाकला.

शुक्रवारी मी आंघोळीला गेलो आणि टेबलावर फोन टिंगटिंगला. नानांनी तो गप्प करायला उचलून तोंडासमोर धरला, आणि फोन उघडला! गिऱ्हाइकानं विचारलं होतं, कूलर चालू आहे ना? नानांनी खालचं माइकचं चित्र दाबून उत्तर दिलं. मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तेव्हा ते उत्तर गेलेलं होतं.

"कुलर चालू शे. मालकबी चालू शे. इकाना नही."

गिऱ्हाईक चाळीसगावचंच, कूलर विकायचा नाही हे त्याला लगेच कळलं. त्यानं फक्त जोडलेले हात पाठवले.

मी चिडलो. कूलर राहिला याचा राग कमी, फोन फितूर झाला याचा जास्त. मी नानांना सांगितलं, हा फोन माझं तोंड बघून उघडतो, तुमचं नाही. नानांनी चष्म्यावरून मला सावकाश न्याहाळलं.

"तोंड तुन्हं नही रे भाऊ, मन्हंच शे. तुले वापराले देल शे."

हे खोटं पाडायला शनिवारी सकाळी मी मिशी काढली. आम्हा दोघांच्या मिशा एकाच जातीच्या, निदान एवढा तरी फरक असावा. फरक लगेच पडला. फोननं मला ओळखच दाखवली नाही. मी उजेडात गेलो, डोळे मोठे केले, मिशीच्या जागी बोट आडवं धरून पाहिलं. नंबर तर आठवतच नव्हता. तेवढ्यात दारात एसीवाला आला. बाहेर मे महिना, खांद्यावर खोकं, आणि तो म्हणतो ओटीपी सांगा, नाहीतर माल परत नेतो.

घरात फोन उघडणारा चेहरा एकच उरला होता, आणि तो कूलरसमोर पेपर वाचत बसला होता.

मी फोन पुढे केला. नानांनी तो घेतला नाही. त्यांनी आधी कूलर बंद केला, कारण त्याशिवाय बोलता येत नाही.

"हाऊ कुलर कोठे जाई?"

"कुठंच नाही, नाना."

"तुन्ही मायले उन्हाया सोसे नही. तिन्हासाठे बनाडेल शे."

कूलर आईच्या उन्हाळ्यासाठी बनवलेला, हे मला माहीत होतं. फोटो काढताना मी ते मनात येऊ दिलं नव्हतं, एवढंच. मला लाज वाटली. मिशी नसल्यामुळे ती लपवायलाही काही नव्हतं.

नानांनी फोन तोंडासमोर धरला, ओटीपी खणखणीत वाचून दाखवला आणि कूलर पुन्हा सुरू केला. एसी आतल्या खोलीत लागला. त्याच्यावर संध्याकाळपर्यंत 'द. ल. पाटील' आलं. डबीत रंग उरला होता, तो माझ्या फोनच्या पाठीवर, कॅमेऱ्याला जपून.

चेहरा बदलायलाही तोच विसरलेला नंबर लागतो, त्यामुळे मिशी पुरती येईपर्यंत माझा कारभार नानांच्या तोंडून चालतो. फोनवरचं नाव वाचून कुणी विचारलं, की मी खरं तेच सांगतो. फोन नानांचा आहे, चेहराही नानांचाच. मी फक्त वापरतो.